स्ट्रॉबेरीत लोखंड

तिसऱ्या दिवशीही मनीषाने कप खाली ठेवला, पाण्याने चूळ भरली आणि म्हणाली, "सर, लोखंड."

"कालच्याएवढं?"

"कालच्यापेक्षा जास्त."

मी बॅचच्या कार्डाला लाल टॅग बांधला. टॅगवर 'होल्ड' लिहिलेलं असतं. याचा अर्थ हा माल जागचा हलवायचा नाही. तीन दिवसांतला हा सातवा टॅग होता. बाहेर धक्क्यावर क्रेट उतरत होते. पाचगणीकडून घाट उतरून स्ट्रॉबेरी यायची काही थांबत नव्हती. पिकलेलं फळ आमचा तपास संपायची वाट बघत नाही.

मी मगदूम. मूळ सांगलीकडचा, पण नोकरी वाईजवळच्या एका फळप्रक्रिया कारखान्यात. तिथे मी क्वालिटीचा प्रमुख आहे. क्वालिटीचा प्रमुख म्हणजे ज्याच्यामुळे माल अडतो तो माणूस. माल चांगला गेला की नाव प्रॉडक्शनचं होतं, अडला की माझं.

आमचा मुख्य माल म्हणजे स्ट्रॉबेरी क्रश. फळ धुवायचं, देठ काढायचे, कुटायचं, साखर आणि थोडं सायट्रिक अ‍ॅसिड घालून मोठ्या स्टीलच्या केटलमध्ये तापवायचं आणि गरम असतानाच डब्यांत भरायचं. त्याचं आईस्क्रीम कुणी करतं, मिल्कशेक कुणी करतं. पुण्याची एक आईस्क्रीम कंपनी आमचं मोठं गिऱ्हाईक.

डबे भरले की प्रत्येक बॅचची चव घ्यायची. साखर मोजायला यंत्र आहे, आंबटपणा मोजायला यंत्र आहे, पण 'हे खाऊन माणूस तोंड वाकडं करेल का' हे मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. त्यासाठी पाच माणसांचं पॅनेल असतं. सकाळी अकराला, चहाच्या आधी. तंबाखू नाही, कांदा नाही, अत्तर नाही.

पॅनेलवर कुणाला घ्यायचं याची परीक्षा असते. तीन कप ठेवायचे. दोन कपांत एकच पदार्थ, तिसऱ्यात किंचित वेगळा. वेगळा कप ओळखायचा. याला ट्रँगल टेस्ट म्हणतात. अशा सहा फेऱ्या. मी एम.एस्सी. झालेला, या विषयावर दोनदा ट्रेनिंग घेतलेला माणूस. मी सहापैकी दोन ओळखले. डोळे मिटून कुठलाही कप उचलला असता तरी तेवढेच आले असते. तरी प्रमुख म्हणून पॅनेलवर मी आहेच. पॅकिंगला उभी राहणारी मनीषा शेलार, बारावी शिकलेली, तिने सहाच्या सहा ओळखले. वर पाचव्या फेरीत म्हणाली, "सर, ह्या दोघांचा पदार्थ एकच हाय, पर एक कप साबणानं नीट धुतला न्हाई." कप मीच धुतले होते.

त्यानंतर मी तिला पॅकिंगवरून लॅबमध्ये मागून घेतलं. लॅब असिस्टंट म्हणून, सहा महिने ट्रायलवर. ट्रायल नीट गेली की कायम. पॅकिंगला आठ तास उभं राहायचं, वीस-वीस किलोचे क्रेट ओढायचे. लॅबमध्ये बसायला स्टूल. फरक एवढाच, पण तो फरक ज्याने दोन वर्षं क्रेट ओढलेत त्यालाच कळतो.

आणि तिची जीभ तर दर आठवड्याला कामाला यायची. एकदा एका बॅचला ती डिझेल म्हणाली. आम्ही चौघे नाही म्हणालो. शोध घेतला तर ज्या टेम्पोतून क्रेट आले, त्यात डिझेलचा कॅन आडवा झाला होता. तेव्हा मी नियम केला, की पाचपैकी एकानेही परकी चव सांगितली की बॅच होल्ड. बहुमत चालणार नाही. या नियमाचा मला फार अभिमान होता. आता तोच नियम सात टॅग होऊन माझ्यासमोर लटकत होता.

पहिल्या दिवशी गोष्ट साधी वाटली होती. स्ट्रॉबेरी आंबट. आंबट पदार्थ लोखंडाला लागला की लोखंड खातो, ते रसात उतरतं आणि तोंडात जुनं नाणं धरल्यासारखी चव येते. म्हणून आमच्याकडे फळाला लागणारी प्रत्येक वस्तू स्टेनलेस स्टीलची. कुणी तरी दुरुस्ती करताना साधा नट-बोल्ट बसवला असणार, असं मी धरून चाललो.

आमचा फिटर यशवंत. त्याला म्हटलं, लाईन उघड. त्याने पंप उघडला, व्हॉल्व्ह उघडले, केटलमधली ढवळायची दांडी काढली. पाईपमध्ये एक मॅग्नेट बसवलेला असतो, लोखंडाचा कण आला तर त्याला चिकटतो. तो आरशासारखा स्वच्छ होता.

"सापडलं का?" मी विचारलं.

"सर, ह्या लाईनीत लोखंड असलंच तर ते माझ्या रक्तातलं. बोट कापलंय मगाशी."

मी त्याला आधी पट्टी बांधायला पाठवलं आणि उघडलेले सगळे भाग पुन्हा धुवायला लावले. कारखान्यात विनोदसुद्धा धुऊन घ्यावा लागतो.

मग पाणी. मग साखरेची नवी गोण. मग डब्यांच्या आतला लेप. एका दुपारी मी सात ठिकाणचं पाणी प्यायलो आणि संध्याकाळपर्यंत त्यातल्या प्रत्येकाची आठवण ठेवून होतो. नमुना पुण्याच्या बाहेरच्या लॅबकडे पाठवला, लोखंड किती ते मोजायला. त्यांनी सांगितलं, गुरुवारी रिपोर्ट.

मधल्या काळात एक गंमत झाली. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या दोघी मुली म्हणाल्या, "हो सर, आता जरा लागतंय खरं." तिसऱ्या दिवशी मलाही लागायला लागलं. ज्याला सहापैकी दोन कप ओळखता आले त्याला अचानक लोखंड कळायला लागलं, इथेच मी सावध व्हायला हवं होतं. पण उलट मला बरं वाटलं, की आपली जीभ सुधारली. पॅनेलचे पाचवे म्हणजे स्टोअरचे सावंतकाका. ते तिन्ही दिवस 'नॉर्मल' म्हणत राहिले. मी मनातल्या मनात त्यांच्या खंबीरपणाचं कौतुक केलं.

गुरुवारी रिपोर्ट आला. लोखंड नेहमीइतकंच. म्हणजे जवळजवळ नाहीच.

कारखान्याचे मॅनेजर कदमसाहेब. त्यांनी रिपोर्ट वाचला, मग चमचाभर क्रश खाल्ला, मग अजून एक चमचा खाल्ला.

"मगदूम, हे गोड आहे."

"हो साहेब."

"मग लोखंड कुणाच्या डोक्यात आहे?"

"आज बघतो."

"बघा. शनिवारी पुण्याच्या आईस्क्रीमवाल्यांचा ऑडिटर येतोय. सात होल्ड टॅग बघून तो पहिला प्रश्न रूट कॉजचा विचारणार. उद्या संध्याकाळपर्यंत रिपोर्ट माझ्या टेबलावर पाहिजे."

रूट कॉज म्हणजे मूळ कारण. आमच्या धंद्यात चूक झाली की एक फॉर्म भरतात. काय झालं, मूळ कारण काय, आता काय करणार. मूळ कारणाची चौकट लहान असते आणि भांडणं सगळी त्या चौकटीवरून होतात.

दुपारी मी मनीषासाठी सहा कप मांडले. स्टीलचे नाहीत, काचेचे. एकात महिन्यापूर्वीचा क्रश, जो तिनेच पास केला होता. एकात नुसतं साखरेचं पाणी. एकात सीलबंद बाटलीतलं पाणी, सील नुकतंच फोडलेलं. उरलेल्या तीन कपांत होल्डवरचा क्रश. कशात काय आहे ते सांगितलं नाही.

तिने एकेक घोट घेतला. मध्ये दोनदा सिंककडे जाऊन थुंकून आली. मग म्हणाली, "सगळ्यांत हाय सर."

"पाण्यात पण?"

"पाण्यात तर लईच."

मी कपांकडे बघत बसलो. तीन दिवस मी पंप उघडले, पाईप उघडले, आणि लोखंड बाटलीबंद पाण्यात निघालं. म्हणजे ते क्रशमध्ये नव्हतं.

मी कदमसाहेबांना फोन केला. चुकलंच. आधी तिच्याशी बोलायला हवं होतं. पण हाताखालच्या माणसाशी बोलण्याआधी वरच्या माणसाला सांगायची सवय पंचवीस वर्षांची आहे, ती हात आपोआप फोनकडे नेते.

"मग सोपं झालं," साहेब म्हणाले. "पॅनेलिस्ट अनरिलायबल, असं लिहा. तिला परत पॅकिंगला घ्या. दुसरी कुणी तरी बघा."

"साहेब, तिची ट्रायल संपायला पाचच आठवडे आहेत."

"म्हणूनच तर. कायम केल्यावर कळलं असतं तर?"

फोन ठेवला आणि मनीषाला केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे लॅबच्या कोपऱ्यातली काचेची खोली. दार उघडंच ठेवलं. ती समोर उभी राहिली. बस म्हटलं तर लगेच बसली. एरवी तीनदा सांगावं लागतं.

"मनीषा, खरं सांग. बाटलीतलं पाणी होतं ते. त्यात लोखंड कसं असेल?"

तिने तोंडातली थुंकी गिळली.

"घरच्या पाण्याला पण लागतं का?"

"पाण्याला, भाकरीला, चहाला. दात घासायच्या ब्रशलासुदीक."

"कधीपासून?"

"दोन आठवडं झालं. आदी थोडं हुतं. मला वाटलं घरी बोअरचं पाणी बदललं. मग हितं बी लागाय लागलं. मग वाटलं, हितलं खरंच असंल."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवलंय. काल."

"मग? काय म्हणाले?"

ती भिंतीवरच्या हात धुण्याच्या तक्त्याकडे बघत राहिली. तो तक्ता मीच लावलाय, त्यात बघण्यासारखं काही नाही.

"सर, आमच्यात तीन महिनं झाल्याबिगर सांगत न्हाईत."

"काय सांगत नाहीत?"

तिने माझ्याकडे बघितलं. मला एक मुलगी आहे, ती आता इंजिनिअरिंगला आहे. मी अन्नशास्त्राचा पदवीधर आहे. आणि तरी मी "काय" विचारलं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"असं आहे होय," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हुतं कुणाकुणाला. तोंडात लोखंड येतं, थुंकी लई सुटती, हिरड्यांतनं रगत येतं. चौथ्या महिन्यात जाईल म्हणाल्या. मला तर कुणी सांगितलंच नव्हतं. आई म्हणायची उलट्या हुत्यात, चिंच खावी वाटती. मला उलटी एक न्हाई. ह्येच चालू."

"मग काल कळलं होतं, तर आज सकाळी 'लोखंड' का म्हणालीस? 'नॉर्मल' म्हणाली असतीस तर टॅग लागला नसता."

"लागंल ते सांगायचं, तुमीच शिकवलंय." मग जरा थांबून म्हणाली, "आणि मी न्हाई म्हणाले असते, आणि ह्या बारीला खरंच असतं, तर?"

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

ती हळूहळू बोलायला लागली. गेल्या वर्षी दुसऱ्याच महिन्यात तिने सगळ्यांना सांगितलं होतं. आनंद मावत नव्हता. पॅकिंगच्या सगळ्या बायकांना, वॉचमनला, बसच्या ड्रायव्हरला. मग ते गेलं. आठ दिवस रजा घेऊन ती परत कामावर आली.

"त्येचं दुख हुतंच सर. पर गेटवर जो तो इच्चारायचा, 'आता कितवा?' ज्येला म्हाईत नव्हतं त्यो इच्चारायचा. त्येचा काय दोष. पर मला परत्येकाला सांगायला लागायचं. एक मावशी रजेवर हुती, तिनं चार म्हैन्यानं इच्चारलं. मी डबा खात हुते." ती थांबली. "ह्या बारीला सासूबाई म्हणाल्या, तीन महिनं तोंड उघडायचं न्हाई. मी म्हणाले, बरं. तुमाला कळलंय ह्ये त्यांना बी म्हाईत न्हाई."

"माझ्याकडून जाणार नाही."

"मला पॅकिंगला पाठवणार का सर?"

फोनवरचं तिने ऐकलं होतं. काचेची खोली, आणि दार मी उघडं ठेवलेलं. क्रेट ओढायला परत पाठवलं तर काय होऊ शकतं, हे तिने म्हटलं नाही. मीही नाही.

"बघतो," मी म्हणालो. हा शब्द मी वापरला की लॅबमधल्या मुली एकमेकींकडे बघून हसतात. मनीषा हसली नाही.

घरी आलो. बायको शैलजा पोळ्या लाटत होती. मी विषय लांबून काढला, म्हणजे मला तरी तसं वाटलं.

"काय गं, बायकांना अशा वेळी तोंडाला लोखंडाची चव येते का?"

"कशा वेळी?"

"म्हणजे दिवस असताना."

तिने लाटणं ठेवलं. "बावीस वर्षांनी विचारताय?"

"म्हणजे?"

"सांगलीला असताना मी म्हणत नव्हते का, दुधाला तांब्याचा वास येतो म्हणून? तुम्ही मला अर्धा तास धातू कसा पाण्यात उतरतो ते समजावून सांगितलं. मग बाजारात जाऊन जाड बुडाचं नवं पातेलं आणलंत. त्यातल्या दुधाला पण आला. तर म्हणालात, तुझ्या मनाचा खेळ आहे."

मला पातेलं आठवलं. ते अजून आहे. दूध त्यातच तापतं. बाकीचं संभाषण मात्र मला अजिबात आठवत नव्हतं.

"आणि हात बधिर व्हायचे," ती पुन्हा लाटायला लागली. "सकाळी वेणी घालता यायची नाही. मी म्हटलं तर तुम्ही म्हणालात, उशी बदल. पावलं एवढी मोठी झाली की लग्नातल्या चपला परत कधी पायात गेल्या नाहीत. लोक उलट्या आणि डोहाळे एवढंच धरून बसतात. बाकीचं सांगायला गेलं की समोरचा उपाय सांगतो. म्हणून बायका सांगतच नाहीत." मग सहज म्हणाली, "कोण आहे?"

"कुणी नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढे एक शब्द विचारला नाही. मला वाटलं, मी किती सफाईने झाकलं.

जेवताना मी त्या रिपोर्टाचाच विचार करत होतो. खोटं लिहायचं नव्हतं. पंपात बोल्ट सापडला असं लिहिता आलं असतं. यशवंतने हवा तसला बोल्ट आणूनही दिला असता. पण मग तिच्या 'लागंल ते सांगायचं' याला अर्थ राहत नव्हता. आणि खरं लिहायचं तर ते माझं नव्हतं, तिचं होतं.

शुक्रवारी सकाळी मी फॉर्म समोर घेतला आणि मूळ कारण मनीषाचं तोंड नाही, असं धरून पुन्हा पहिल्यापासून विचार केला. आमच्या पॅनेलचे नियम तपासले. तंबाखू नाही, कांदा नाही, अत्तर नाही. सर्दी असेल तर सांगावं. सगळं माणसाने बाहेरून काय तोंडात घातलं त्याबद्दल. तोंडालाच काही झालं असेल तर? तर सर्वांसमोर उभं राहून कारण सांगायचं. ते सांगण्यासारखं नसेल तर? तर गप्प बसून चव घ्यायची. हा नियम लिहिणारा मी.

मग मी एक कार्ड केलं. रोज सकाळी पॅनेलच्या प्रत्येकाने आधी सीलबंद पाण्याचा एक घोट घ्यायचा. पाणी पाण्यासारखं लागलं तर पुढे. नाही लागलं, किंवा कुठल्याही कारणाने आज नको वाटलं, तर दुसऱ्या चौकटीत खूण. दोनच चौकटी. 'आज चव घेणार' आणि 'आज चव घेणार नाही'. कारणाचा कॉलम ठेवला नाही. पॅनेलवर पाचाऐवजी आठ माणसं, म्हणजे दोघंतिघं बाजूला झाले तरी अडणार नाही. अशा दिवशी त्या माणसाला लॅबमधलंच दुसरं काम, साखर मोजायचं, आंबटपणा मोजायचं.

मूळ कारणाच्या चौकटीत लिहिलं: चव घेणाऱ्याला नकार देण्याची सोय नियमात नव्हती.

कदमसाहेबांनी वाचलं. "हे काय? कोण ते लिहा की."

"साहेब, नियमात खोट आहे. माणसात नाही."

"पण चुकीची चव सांगितली कुणी?"

"तिने बरोबर सांगितली. तिला लागली ती. विचारायचं आम्ही चुकलो."

"ऑडिटर नाव मागेल."

"नियम मी केलाय. माझं लिहा."

"तुमचं तर रोजच असतं खाली," साहेब म्हणाले. मग खुर्ची मागे ढकलून माझ्याकडे बघितलं. "मगदूम, तुम्हाला काही तरी माहिती आहे."

"आहे."

"मला सांगणार नाही?"

"नाही साहेब."

पंचवीस वर्षांत मी वरिष्ठांना एवढं लहान वाक्य प्रथमच बोललो असेन. त्यांनी रिपोर्टवर सही केली आणि म्हणाले, "ट्रायलचं काय ते पाच आठवड्यांनी बघू. तोपर्यंत ती लॅबमध्ये. पण होल्डचा माल गिऱ्हाइकाच्या पॅनेलने पास केला पाहिजे. नाही तर हा सगळा कागद मी तुम्हालाच खायला लावीन, क्रश लावून."

शनिवारी ऑडिटर आला. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा गृहस्थ. कार्ड उलटसुलट करून बघितलं.

"कारणाचा कॉलम राहिलाय."

"राहिला नाही. ठेवला नाही."

"लोक गैरफायदा घेतील."

"घेतील. आठ माणसं आहेत."

"पण डेटा कसा मिळणार? कोण कशामुळे बाजूला झालं, ट्रेंड कसा काढणार?"

"ट्रेंड काढायला गेलो की लोक खोटं लिहितात," मी म्हणालो. "मग ट्रेंड खोट्याचा निघतो."

त्याला ते पटलं नाही. त्याने 'सुधारणेस वाव' असा शेरा मारला आणि सातही बॅचचे नमुने सोबत नेले. पुढच्या बुधवारी त्यांच्या पॅनेलने सगळे पास केले. यशवंतने लाल टॅग कात्रीने कापून माझ्या टेबलावर ठेवले.

कार्ड सुरू केलं त्या सोमवारी मनीषाने दुसऱ्या चौकटीत खूण केली आणि साखर मोजायच्या यंत्राकडे गेली. कुणी काही विचारलं नाही. ते अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते हे, की तिच्या पाठोपाठ सावंतकाकांनीही दुसऱ्या चौकटीत खूण केली. दुपारी ते आपण होऊन माझ्याकडे आले.

"विचारू नका म्हणालात, पण मीच सांगतो. आठ महिने झाले, शुगरची गोळी चालू आहे. तेव्हापासून तोंड कडवट, धातूसारखं. काही खाल्लं तरी तेच."

"मग तुम्ही रोज 'नॉर्मल' कसं म्हणत होता?"

"आता रोजच तसं लागतंय, तर तेच नॉर्मल नाही का?"

ज्या खंबीरपणाचं मी कौतुक केलं होतं, तो हा. म्हणजे पाच माणसांच्या पॅनेलवर एकीला लोखंड लागत होतं आणि ती सांगत होती, एकाला लागत होतं आणि तो सांगत नव्हता, तिघांना लागत नव्हतं आणि तरी आम्ही हो म्हणत होतो. मूळ कारणाच्या चौकटीत मी लिहिलेलं वाक्य मी मनीषाला झाकण्यासाठी शोधलं होतं. ते खरंच निघालं, याचं श्रेय मी घेऊ शकत नाही.

पुढचे आठवडे मनीषा स्टुलावर बसून मोजमापं करत राहिली. केटलच्या वाफेचा वास तिला सोसायचा नाही. तिकडचा नमुना आणायला लॅबमधली दुसरी मुलगी न सांगता उठायची. तिचा हात मुंग्या येऊन बधिर झाला की ती तो झटकायची, आणि यशवंत तिच्या टेबलावरची जड बरणी उचलून खाली ठेवून जायचा. तोंडाने कुणी काही बोलत नव्हतं. मी एकटाच गुपित राखतोय या समजुतीत मी फार काळजीपूर्वक वागत होतो. पाचव्या आठवड्यात कदमसाहेबांनी तिच्या कायम होण्याच्या कागदावर सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तिला जिना चढायला लावू नका. तिच्या सहीचे कागद मीच खाली पाठवतो." मी त्यांच्याकडे बघितलं. ते फाईल बघत होते.

मार्चमध्ये एका सकाळी मनीषाच्या कार्डावर खूण पहिल्या चौकटीत होती. पाण्याचा घोट घेऊन ती जरा थांबली, पुन्हा एक घोट घेतला, आणि क्रशचा कप उचलला.

"साखर वाईच जास्त हाय सर."

यंत्रावर बघितलं. होती.

चहाच्या सुट्टीत ती केबिनच्या दारात आली. हातात पेढ्यांचा पुडा.

"सर, एक सांगायचं हुतं." तिने आत येऊन पुडा टेबलावर ठेवला आणि जणू मला पहिल्यांदाच सांगतेय अशा शांत, नीट आवाजात सांगितलं. साडेतीन महिने झाले. सप्टेंबरची तारीख दिलीय. सगळं नीट आहे. सासूबाई म्हणाल्या, आता सांग.

मी उभा राहिलो. "अरे वा, काय सांगतेस, मला तर कल्पनाच नव्हती," असं बरंच काही म्हणालो. भुवया वर नेल्या, हात जोडले. काचेपलीकडे लॅबमधल्या मुली, यशवंत, सावंतकाका, सगळे हातातलं काम सोडून माझा अभिनय बघत होते. मनीषा पुडा उघडून मला पेढा देत म्हणाली, "सर, पुरं आता. खावा."

त्या दिवशी तिने कारखानाभर पेढे वाटले, वॉचमनला आणि बसच्या ड्रायव्हरलासुद्धा. तिच्या वेळेवर, तिच्या तोंडाने.

सप्टेंबरमध्ये तिला मुलगी झाली. मार्चअखेर ती कामावर परत आली तेव्हा नियमाप्रमाणे ट्रँगल टेस्ट पुन्हा घेतली. सहापैकी सहा. मीही बसलो होतो. माझा एक आला.

नोकरीत मी पुष्कळ फॉर्म तयार केले. ऑडिट झालं की त्यात एखादा कॉलम वाढायचा, आणि तो कॉलम पुढे कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. या कार्डात मात्र एक कॉलम कमी ठेवला. ऑडिटर दरवर्षी 'सुधारणेस वाव' लिहून जातो. मी दरवर्षी बघतो म्हणतो.